हाताचा वाढदिवस

"सर, मग अर्ध्याच हाताला का लावलं? जेली संपली होती का?"

सगळा हॉल हसला. यशश्री तेवढी हसली नाही, कारण पैजेत तेच ठरलं होतं. प्रश्न विचारा म्हटल्यावर उठायचं, माइक घ्यायचा, स्वतःच्या बाबाला 'सर' म्हणायचं, 'तुम्ही' म्हणायचं आणि एक दात दिसता कामा नये. प्रश्न निकितानं काढला होता, जेलीची पुरवणी संजनाची. "तुला नाही जमणार, तू फिस्सकन हसशील," असं संजना म्हणाली आणि तिथंच विषय संपला. यशश्रीला 'जमणार नाही' म्हटलं की ती ते करून दाखवणारच, हे नववी ब लाच काय, शिपाईमामांनासुद्धा माहीत होतं. शिवाय विज्ञान दिनाचा प्रमुख पाहुणा म्हणून आपलाच बाप स्टेजवर, खांद्यावर शाळेची शाल, पुढ्यात नारळ, आणि मुख्याध्यापिकाबाई त्याला दर वाक्याला 'माननीय' म्हणताहेत, ही मजा कुणी सोडणार होतं थोडीच? सकाळी हाच माननीय माणूस बाथरूमच्या दाराबाहेर टॉवेल खांद्यावर टाकून ओरडत होता, "यशे, आवर गं, गीझर काय तुझ्या एकटीचाय का?"

भाषण चांगलं झालं होतं, हे तिला कबूल होतं. तिचा बाबा उपेंद्र अंबडच्या एका कंपनीत भाजलेल्या जखमांवर लावायचं नवं ड्रेसिंग तयार करायचं काम करायचा. तिला कळायला लागल्यापासून घरात हाच विषय. पण घरी तो त्याबद्दल बोलायचा ते फोनवर आणि वैतागून. इथं त्यानं पोरांना कळेल असं सांगितलं. साधी जाळीदार पट्टी जखमेवर लावली की ती वाळते, चिकटते, आणि बदलताना खालची कोवळी कातडी स्वतःबरोबर उपटून आणते. म्हणजे शरीर रोज भिंत बांधतंय आणि आपण रोज ती पाडतोय. त्याची पट्टी जेलीसारखी, आरपार दिसणारी. पाणी धरून ठेवते, चिकटत नाही, औषध हळूहळू सोडते, आणि उचलली की नुसती उचलली जाते. मग पडद्यावर फोटो आला. लहान मुलाचा हात, कोपरापासून मनगटापर्यंत. कोपराकडच्या अर्ध्याला नवी पट्टी, मनगटाकडच्या अर्ध्याला जुनी. शेजारी तोच हात काही महिन्यांनंतर. वरचा भाग जवळजवळ कुणाच्याही हातासारखा, खालचा मुठीत चुरगळून परत उलगडलेल्या कागदासारखा. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पडद्यावर तो हात झाडाच्या बुंध्याएवढा दिसत होता, आणि यशश्री त्या वेळी निकिताला कोपरानं ढोसत होती.

"चांगला प्रश्न आहे," बाबा म्हणाला. त्यानं पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "जेली संपली नव्हती. एकाच जखमेच्या दोन भागांवर दोन प्रकार लावले, तर तुलना चोख होते. वय तेच, कातडी तीच, भाजणं तेच. फरक उरतो तो फक्त पट्टीचा." आवाज अगदी बरोबर होता, वाक्यं बरोबर होती. फक्त बोलताना त्याची नजर तिच्या चेहऱ्यावर नव्हती. ती खाली घसरली, जिथं तिच्या डाव्या हातात माइक होता तिथं, आणि चटका बसल्यासारखी परत वर आली. एवढंच झालं. बाकी कुणाच्या लक्षातही आलं नसेल. यशश्रीनं त्या नजरेच्या मागोमाग आपल्या हाताकडं पाहिलं. अर्ध्या बाहीखाली तिचा हात होता, रोजचा. कोपराखाली थोडा फिकट आणि गुळगुळीत, मग मधोमध एक रेघ, पट्टी ठेवून आखल्यासारखी सरळ, आणि रेघेखाली मनगटापर्यंत ते सगळं वळकट्यांचं, चकाकणारं, उन्हाळ्यात खाजणारं. तिनं पडद्याकडं पाहिलं. मनगटाच्या आतल्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाशी, एक तीळ होता, तिच्या हातावर होता तिथंच. झाडाएवढ्या हातावर तो लाडवाएवढा दिसत होता.

"थँक्यू, सर," ती म्हणाली आणि खाली बसली. हसली नाही. पैज ती जिंकली होती.

"भारी! सामोसा तुझा," संजना तिच्या कानात म्हणाली, आणि मग संजनानंही पडद्याकडं पाहिलं, मग यशश्रीच्या हाताकडं, मग परत पडद्याकडं. तिनं कमरेला बांधलेला स्वेटर सोडला आणि यशश्रीच्या मांडीवर ठेवला. त्या स्वेटरनं यशश्रीच्या डोक्यात पहिली तिडीक गेली. "नकोय मला," ती एवढ्या जोरात म्हणाली की पुढच्या ओळीतली पोरं मागं वळली. झाकायचं? आत्ता? पहिलीपासून आठवीपर्यंत तिनं ऐन मे महिन्यातसुद्धा पूर्ण बाह्या घातल्या होत्या. घामानं बाही त्या वळकट्यांना चिकटायची, आणि कुणी विचारलं की ती 'ऊन सोसत नाही' म्हणायची. गेल्या जूनमध्ये खो-खोच्या निवडीच्या दिवशी खांब धरताना ती बाही आडवी आली, ती बाद झाली, आणि घरी येऊन तिनं आईची कात्री घेऊन युनिफॉर्मच्या तिन्ही शर्टांच्या बाह्या कोपरावर कापल्या. दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलंच, हे काय गं? "पाकानं भाजलंय. नीट बघायचंय? घे," म्हणून तिनं हात पुढं केला होता. आणि काहीही झालं नव्हतं. आभाळ पडलं नाही, कुणी किंचाळलं नाही, आठवडाभरात सगळ्यांना कंटाळा आला. तेव्हापासून तिला वाटायचं, आपण हा हात आपल्या हिमतीनं बाहेर आणला. आपण ठरवलं, आपण दाखवला. आणि इथं बाप गेली आठ वर्षं गावोगावच्या हॉलमध्ये तो झाडाएवढा करून दाखवत होता. ती बाह्या ओढून ओढून मनगटापर्यंत आणत होती, त्या सगळ्या काळात.

कार्यक्रम संपल्यावर फाटकापाशी बाबाची गाडी उभी होती, आणि तो गाडीजवळ शाल घडी करत उभा होता, फार व्यवस्थित, कडेला कड जुळवून. ती त्याच्याकडं न बघता गंगापूर रोडला आली आणि सीबीएसकडं जाणाऱ्या सिटीलिंकच्या बसमध्ये चढली. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. पुढच्या सीटच्या दांडीवर तिनं डावा हात ठेवला आणि त्याच्याकडं असं पाहिलं जसं एखाद्या मैत्रिणीकडं पाहावं, जिला सगळं माहीत होतं आणि जी बोलली नाही. घरात सांगायचे, वर कमी भाजलं होतं, खाली जास्त. तिनं हे इतक्या जणांना सांगितलं होतं की ते तिला आठवतंय असंच वाटायचं. पण उकळता पाक काय पट्टी लावून सांडतो? पाकाला रेघ कुठली? हे तिला एकदाही कसं सुचलं नाही! भूमितीत पैकीच्या पैकी मिळवणारी पोरगी, आणि स्वतःच्या अंगावरची सरळ रेघ तिला कळली नाही.

आणि मग तिला हाताचा वाढदिवस आठवला. दर वर्षी संक्रांत होऊन गेली की एका रविवारी सकाळी बाबा तिला गच्चीवर न्यायचा. उजेड चांगला हवा, सावली नको. टेबलावर निळा कपडा, त्यावर तिचा हात, हाताशेजारी एक मोजपट्टी आणि रंगीत चौकोनांचं कार्ड. "हलू नकोस हं, राणी. आता पालथा. आता उताणा." बाबा कॅमेरा घेऊन वाकायचा, आणि तिला वाटायचं जगात आपल्या हाताइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही. मग तिघं मिसळ खायला जायचे, तिला दह्याची वाटी जास्तीची. या दिवसाला हाताचा वाढदिवस हे नाव तिनंच दिलं होतं, आणि ते ऐकून बाबा इतका खूश झाला होता की तो तिला खांद्यावर घेऊन जिना उतरला होता. दुसरीत तिनं संजनाला विचारलं होतं, "तुझ्या हाताचा वाढदिवस कधी असतो गं?" संजना म्हणाली होती, "हाताचा कुठं असतो वेडे, माणसाचा असतो." तेव्हा यशश्रीला संजनाची कीव आली होती. बिचारीचा बाबा तिच्या हाताचा फोटोसुद्धा काढत नाही. या वर्षी बाबाच्या कामामुळं तो दिवस लांबला होता. येत्या रविवारी करू, असं त्यानं कालच म्हटलं होतं. पुढच्या महिन्यात मुंबईला त्याचं मोठं भाषण आहे, मंजुरी देणारी माणसं येणार आहेत, हेही कालच, त्याच जेवणाच्या ताटावर. दोन वाक्यं शेजारी शेजारी बसली होती आणि तिनं मधला भात कालवला होता.

बस शालिमारपाशी अडकली. खालून द्राक्षांच्या गाडीवाल्यांचा गलका येत होता. तिला गुळाचा वास आला. खरं तर बसमध्ये गूळ कुठून येणार, पण पाकाचा वास तिला असा अधूनमधून न सांगता यायचा, आणि आला की डावा हात आपसूक पोटाशी जायचा. सहा वर्षांची होती ती. आई तिळाच्या वड्यांचा पाक करत होती, कडा धरून तिनं डोकावलं, कढई कलंडली. त्यापुढचं तिला कढईचं नाही, आईच्या तोंडाचं आठवायचं, ते उघडलेलं आणि त्यातून काहीच न येणारं तोंड. मग हॉस्पिटल, लोखंडी खाट, हिरवा पडदा, आणि रोज सकाळी ती ट्रॉली. ट्रॉलीच्या चाकांचा आवाज व्हरांड्यातून येऊ लागला की तिला शू व्हायची. आधी वरचं निघायचं. ते थंड असायचं, कुल्फीची कांडी हातावरून फिरवल्यासारखं, सुळकन यायचं. "बघ, झालंसुद्धा," आई म्हणायची, "वरचं झालं राणी, आता थोडंसंच खालचं." आणि ते थोडंसं! भिजवायचे, वाट बघायचे, परत भिजवायचे, तरी ती पट्टी धरून बसायची आणि ओढली की हाताबरोबर डोळे, दात, सगळं बाहेर येतंय असं व्हायचं. एकाच हातावर. ती आईला म्हणायची, खालीपण थंडवालं लाव ना. आई तोंड फिरवायची. शेजारच्या खाटेवर सुरगाण्याकडची तिच्याएवढीच एक मुलगी होती, पाय चुलीत गेलेली, तिची आई नवसाबाई दिवसभर खाटेखाली बसून असायची. त्या मुलीला सगळीच जुनी पट्टी होती. तीही म्हणायची, "मलाबी ती थंडवाली लावा ना वो." सिस्टर म्हणायच्या, ती हितं मिळत नाही गं बाई. नवसाबाई काही बोलायची नाही, नुसती यशश्रीच्या वरच्या अर्ध्याकडं बघत राहायची. तेव्हा यशश्रीला आपण कुणीतरी भाग्यवान आहोत असं वाटलं होतं. अर्धी का होईना.

घरी आई आधीच आलेली होती. ऑफिसातून लवकर निघाली होती म्हणजे बाबानं फोन केला होता, हे यशश्रीनं चपला काढता काढता ओळखलं. मालिनी, तिची आई, टेबलाशी मेथी निवडत बसली होती, आणि निवडलेल्या मेथीत काड्या टाकत होती, काड्यांत पानं.

"आधी पाणी पी," आई म्हणाली.

"तुला माहीत होतं."

"बस तरी."

"भाषणात दाखवतो हे माहीत होतं? झाडाएवढा करून?"

"चेहरा नसतो ना गं त्यात. नाव नसतं. नुसता हात..."

"नुसता!" यशश्री ओरडली. "नुसता हात काय असतो? मग तुझा दाखवा ना नुसता!" तिला स्वतःचाच आवाज फार मोठा वाटला आणि फार बरा वाटला. शेजारच्या काकूंचा टीव्ही बंद झाला, ऐकू दे. तेवढ्यात लॅचमध्ये किल्ली फिरली आणि बाबा आत आला, शाल हातात घेऊन. त्यानं ती सोफ्यावर ठेवली, मग उचलून खुर्चीवर ठेवली. "यशे, मी सांगणार होतो," तो म्हणाला. "दहावी झाल्यावर. तुला समजेल तेव्हा."

"मला आज समजलं. आपल्या पोरीच्या हातावर तुम्ही प्रयोग केलात. अर्धा हात प्रयोगाला, अर्धा तसाच." तिच्या तोंडून 'तुम्ही' गेलं होतं. हॉलमधलं 'तुम्ही' जिभेवर राहून गेलं होतं आणि आता 'तू' म्हणायला गेली तर ते सापडत नव्हतं. बाबानंही ते ऐकलं. तो मान खाली घालून म्हणाला, "हो. तुलना..."

"पुरे!" आईनं मेथीची जुडी टेबलावर आपटली. "किती वर्षं तेच तेच बोलणार आहेस? सांग ना तिला, मी म्हटलं होतं म्हणून! ऐक गं. हा सगळ्याच हाताला लावायला निघाला होता. मी नाही म्हटलं. तोवर ती जेली त्यानं कुणाला लावली होती माहितीये? सशांना. सशांना आणि दोन-चार मोठ्या माणसांना. माझी पोर खाटेवर तडफडतेय आणि हा बरणी घेऊन उभा! उद्या हात सडला असता तर? मीच म्हटलं, लावायचीच असेल तर अर्ध्याला लाव, अर्धा माझ्यासाठी ठेव. डॉक्टरांच्या भरवशाचा. आणि हा जगाला सांगत फिरतो, तुलना चोख होते."

यशश्रीला एकदम तो उघडलेला, आवाज न येणारा जबडा दिसला. आई घाबरली होती. घाबरून माणूस असं करतो, हे तिला कळत होतं. तीही घाबरून आठ वर्षं बाह्या ओढत होतीच की. राग आईपाशी गेला, तिथं त्याला धरायला काही सापडलं नाही, आणि तो तसाच परत फिरला. क्षणभर तर तिला वाटलं, संपलं सगळं, आता रडायचं, आई जवळ घेईल, मेथीची भाजी होईल. पण रेघ तशीच होती. तिनं टेबलावर हात ठेवला होता आणि रेघ तिच्या डोळ्यांसमोर होती, आणि डोक्यात भूमितीच्या तासाला यायची तशी एक थंड, स्वच्छ शंका आली.

"बाबा, वरचं बरं होतंय हे किती दिवसांनी कळलं?"

"म्हणजे?"

"जेलीखालचं. आरपार दिसते ना ती? तुम्हीच सांगितलं आज. मग दिसलं असेल. किती दिवसांनी?"

बाबानं आईकडं पाहिलं. "आठवडाभरात अंदाज आला होता," तो म्हणाला.

"मग आठवड्यानंतर खालचं का नाही बदललं?"

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायची खटपट करत होतं, ती सुरू होत नव्हती. आईनं मान वळवून बाबाकडं पाहिलं, आणि यशश्रीला कळलं की हा प्रश्न या घरात आजवर कुणी विचारलेलाच नव्हता. आठ वर्षं आई आपल्या अर्ध्याचं ओझं घेऊन फिरत होती, आणि त्या ओझ्याखाली काय आहे हे तिनंही बघितलं नव्हतं.

"तू म्हणाला होतास," आई हळू म्हणाली, "आता मध्ये बदललं तर जखम चिघळेल. मी विचारलं होतं तुला. ती रडायची, खालीपण थंडवालं लाव म्हणायची. मी तुला व्हरांड्यात विचारलं होतं."

"मालू..."

"चिघळली असती?"

"नसती," बाबा म्हणाला. तो खुर्चीवर बसला, शालीवरच. "नसती चिघळली. पण मध्येच बदललं असतं तर काहीच सिद्ध झालं नसतं. कंपनी काम बंदच करणार होती. दाखवायला काही नव्हतं माझ्याकडे. सशांवर कुणाचा विश्वास बसतो? आणि समोर हे आलं. एकच हात, मधोमध रेघ, रोज डोळ्यांदेखत फरक. मी ते मुद्दाम केलं नव्हतं, यशे. तुझ्या आईनं अर्धं म्हटलं म्हणून झालं होतं. पण झाल्यावर... मला ते मोडवेना. तू बरी होतच होतीस. खालचंही भरत होतं, सावकाश." तो बोलत राहिला, आणि जसा बोलत गेला तसा त्याचा आवाज परत हॉलमधला होऊ लागला. आता ते ड्रेसिंग किती ठिकाणी वापरून पाहताहेत, गेल्या पावसाळ्यात सुरगाण्याची एक मुलगी आली होती, सगळी पाठ भाजलेली, ती ड्रेसिंग बदलताना झोपून गेली, झोपून! मंजुरी मिळाली की सरकारी दवाखान्यांत पोचेल. आणि इतकी वर्षं सलग पाहिलेली जखम त्यांच्याकडं एकच आहे.

"तिला अख्ख्या पाठीला लावलं?" यशश्रीनं विचारलं.

"अख्ख्या."

तिला जे वाटलं त्याला नाव नव्हतं. त्या मुलीसाठी छातीत काहीतरी सैल झालं, आणि त्याच जागी, त्याच क्षणी, बापाच्या थोबाडीत मारावी असंही वाटलं. म्हणजे त्याला येतं तर! अख्ख्याला लावता येतं त्याला! दुसऱ्याच्या पोरीला येतं! ट्रॉली व्हरांड्यातून यायची तेव्हा हा तिथं असायचा. कॅमेरा घेऊन असायचा, आता तिला आठवलं, हिरव्या पडद्यापाशी. ती किंचाळायची तेव्हा तो पडद्याबाहेर जायचा आणि पट्टी निघाली की आत येऊन फोटो काढायचा. तिला वाटायचं, बाबाला बघवत नाही. बघवत नव्हतंही कदाचित. न बघवता तो थांबला होता, रोज. हेच तर सगळ्यांत वाईट होतं. त्याला वाईट वाटत नसतं तर तिला नुसता राग आला असता आणि मोकळं झालं असतं.

"रविवारी फोटो-बिटो काही नाही," आई उठून म्हणाली. तिच्या आवाजात कापलेल्या काचेसारखं काहीतरी होतं. "कळलं का उपेंद्र? तो निळा कपडा मी जाळून टाकीन. तुझं मुंबईचं तू बघ. माझ्या पोरीचा हात यापुढं कुणी..."

"परत तूच ठरवते आहेस, आई," यशश्री म्हणाली.

ती गच्चीवर गेली. ऊन उतरलं होतं, पांडवलेण्याचा डोंगर मातकट दिसत होता, हायवेवरचे ट्रक एका रांगेत मुंबईकडं सरकत होते. टाकीच्या सावलीत ते टेबल होतं, वर्षभर कुंड्यांखाली असणारं, एका रविवारपुरतं धुऊन पुसून घेतलं जाणारं. तिनं त्यावर डावा हात ठेवला. पालथा, मग उताणा. नाही म्हणायचं. एवढं सोपं होतं ते. नाही म्हटलं की झालं, बाप मुंबईत रिकाम्या पडद्यासमोर उभा राहील, आणि बरं होईल, त्याला कळेल बाह्या ओढायच्या म्हणजे काय ते. तिनं ते मनात दोनदा रंगवलं आणि दोन्ही वेळेला शेवटी नवसाबाई आली, खाटेखालून बघणारी. तिनं तिला घालवायचा प्रयत्न केला. जा ना बाई, माझ्या रागात काय काम तुझं! पण नवसाबाई ती नवसाबाईच, ती बसूनच राहिली, आणि व्हरांड्यातून ट्रॉली येतच राहिली, कुणाच्या ना कुणाच्या खाटेकडं. यशश्रीला मोठा हुंदका आला. बरं, मग हो म्हणायचं? शहाण्या मुलीसारखं, बाबा तुम्ही मोठं काम केलंत, माझ्या हाताचं सोनं झालं, असं? ते तर मेली तरी नाही. म्हणजे नाहीही नको आणि होही नको. तिनं गच्चीला फेऱ्या मारल्या, खो-खोत पळावं तशा, कोपऱ्यावर झपकन वळत. त्या फोटोत काय नव्हतं? चेहरा नव्हता, नाव नव्हतं, ओरडणं नव्हतं. आणि तो आठवडा नव्हता. दोनच हात होते, आधीचा आणि नंतरचा, आणि मधला माणूस, जो बघत उभा होता आणि ज्यानं बदललं नाही, तो त्यात कुठंच नव्हता. तो माइक घेऊन बाहेर उभा होता. टाळ्या घेत होता. ती थांबली. राग गेला नव्हता, उलट आता त्याला बसायला जागा मिळाली होती आणि तो मांडी घालून नीट बसला होता.

ती खाली आली तेव्हा ताटं मांडलेली होती आणि कुणीच वाढून घेतलं नव्हतं. बाबा अजून त्याच शर्टात होता. आईचे डोळे सुजले होते आणि ती वाटीतलं मीठ चमच्यानं उगाच सपाट करत होती. यशश्री बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "दोघंही मध्ये बोलायचं नाही. रविवारी फोटो काढायचा."

बाबानं मान वर केली.

"थांबा, इतक्यात खूश नका होऊ. वाढदिवस वगैरे काही नाही, आणि नंतर मिसळ नाही. फोटो झाला की मी संजनाकडं जाणार. पुढच्या महिन्यात मी तुमच्याबरोबर मुंबईला येणार, शाळा बुडवून. आई, तूपण ये. तो फोटो दाखवाल तेव्हा त्याखाली एक वाक्य लिहायचं आणि तुमच्या तोंडानं मोठ्यांदा वाचायचं. वरचं बरं होतंय हे मला आठवड्यात कळलं होतं, तरी खालचं मी बदललं नाही, आणि ही माझी मुलगी आहे."

"यशे," बाबा म्हणाला. "असं तिथं कुणी करत नाही गं. ते लोक काय म्हणतील, कदाचित सगळंच थांबवतील..."

"ज्या पोरीच्या पाठीला लावलंत तिचं दाखवा ना. ती झोपली ते सांगा. चांगलं आहे तर चांगलंच ठरेल की ते. मी नाही कुठं म्हणतेय? फोटो देतेय मी. पण फोटो दिला म्हणजे माफ केलं असं समजायचं नाही. ते वेगळं. ते मी करेन किंवा नाही करणार, माझं मी बघेन, आणि त्याबद्दल मला कुणी विचारायचं नाही."

"अगं पण त्याची नोकरी..." आई म्हणाली.

"मी पहिल्या रांगेत बसणार आहे, बाबा," यशश्री म्हणाली. "ते वाक्य गाळलंत, तर मी उभी राहीन."